डोळ्याखालची पाहणी

पिंपळनेरच्या ज्योतीबाईंची सकाळ गेले आठ महिने एकाच कामानं उजाडत होती. चहाचं आधण ठेवायच्या आधी त्या लेकीला खिडकीपाशी उभी करायच्या, हनुवटी वर उचलायच्या आणि तिच्या डोळ्यांखाली बघायच्या. त्या गुरुवारीही बघितलं.

"आज जरा कमी शे ना वं?"

"आई, शाळेला उशीर होतोय."

"थांब, लाई देस."

आणि त्यांनी ट्यूबमधली क्रीम बोटावर घेऊन लेकीच्या डोळ्यांखाली हलक्या हातानं चोळली. माया होती हो त्या बोटात! मायेनंच तर घात केला.

दिपमाला पंचवीस वर्षांची, खासगी शाळेत पाचवीला गणित शिकवायची. हुशार, बोलकी. पण डोळ्यांखाली लहानपणापासून दोन फुगीर पिशव्या. तेवढ्यावरून तीन स्थळांनी नकार कळवला होता. "मुलगी चांगली आहे, पण चेहरा आजारी दिसतो." अहो, मुलगी बघायला येता की बाजारात बैल बघायला? बैलाचे निदान दात मोजून सोडून देतात.

बटाट्याच्या चकत्या झाल्या, थंड चमचे झाले. मग नणंदबाई, भिकुआत्या, ती ट्यूब घेऊन आल्या. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत होता. महिनाभरात कातडी उजळली, तेव्हा ज्योतीबाईंना आभाळ ठेंगणं झालं. गल्लीतल्या चार घरी त्यांनी स्वतः जाऊन ट्यूबचं नाव सांगितलं.

आता चाळीसगावचं स्थळ चालून आलं होतं. रविवारी यायचे होते, तेही सकाळी साडेसातला. मुलाच्या मावशीचा तसा निरोपच होता: मुलगी पावडर न लावता, नुसतं तोंड धुतलेली बघायची. आणि पिशव्या सकाळीच सगळ्यात जास्त फुगतात! म्हणून त्या आठवड्यात ज्योतीबाई क्रीम दिवसातून तीनदा लावू लागल्या.

गुरुवारी घराबाहेर पडताना दिपमालाचा डावा खांदा दाराच्या चौकटीला धाडकन आपटला.

"देखीसनी चाल ना!"

"दिसलीच नाही गं," ती कपाळ दाबत म्हणाली. "डाव्या बाजूचं मला हल्ली दिसतच नाही. वर्गात त्या बाजूची पोरं हात वर करून बसतात, तरी कळत नाही. डोकंही सारखं दुखतं."

"आन् हाई माले आते सांगस?"

"लग्नाचं चाललंय ना. तू घाबरशील म्हणून नाही बोलले."

शुक्रवारी ज्योतीबाई नवऱ्याला, प्रेमराजला, घेऊन लेकीसह धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी डोळ्यातला दाब मोजला, पडद्यामागची नस तपासली आणि विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" ज्योतीबाईंनी पिशवीतून ट्यूब काढून दिली.

"कुणी सांगितलं हे लावायला?"

"पिशव्या जाव्यात म्हणून हो."

डॉक्टरीणबाईंनी प्रेमराजकडे बोट दाखवलं. "या पिशव्या ह्यांच्याकडून आल्यात. नीट बघा एकदा."

ज्योतीबाईंनी बघितलं. सत्तावीस वर्षं ज्या तोंडाकडे बघून संसार केला, त्यावर अगदी त्याच दोन पिशव्या! प्रेमराजला बघायला सासरचे आले होते तेव्हा कुणी त्याची हनुवटी उचलली होती? उलट "पोरगा कष्टाळू दिसतो," म्हणाले होते.

"हा आजार नाही," बाई सांगत होत्या. "डोळ्याखालची चरबी थोडी पुढे येते, घराण्यातच असतं. जागरणानं, फार खारट खाल्ल्यानं, अ‍ॅलर्जीनं सूज वाढते. गार पाण्याची घडी ठेवा, उशी जरा उंच घ्या. एकाएकी तोंड-पाय सुजले तर किडनी, थायरॉईड तपासायचं असतं. हिला तसलं काही दिसत नाही. फारच नकोसं वाटलं तर ऑपरेशनही असतं, पण ते हिला हवं असेल तर, दुसऱ्या कुणाला नव्हे. या ट्यूबमध्ये मात्र स्टेरॉइड आहे. आठ महिने पापणीला लागून डोळ्यातला दाब वाढलाय. डाव्या डोळ्याची नस खराब झालीय."

"मंग... परत दिसी ना तिले?"

"गेलं ते परत येत नाही. उरलंय ते वाचवायचं. क्रीम आजपासून बंद. हे थेंब सकाळी आठला, संध्याकाळी आठला. एक वेळही चुकवू नका."

परतीच्या बसमध्ये दिपमाला एवढंच म्हणाली, "रोज तूच लावायचीस गं." ज्योतीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शनिवारी भिकुआत्या आल्या. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटलं.

"त्यासले कायले सांगनं? लगीन व्हई जाऊ दे. आन् थेंब टाकं का डोया लाल व्हतस. आते टाकू नको, सोमवारपाईन चालू कर."

"डॉक्टरीण सांगस, एक वख्त भी चुकवू नका," ज्योतीबाई म्हणाल्या.

"डाक्टरीण काय नवरदेव आननार शे?"

प्रेमराजनं मान खाली घातली. "अक्का सांगस ते खोटं नही. दोन दिवसमा काय व्हई जास?"

संध्याकाळी दिपमाला स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, आठ वाजले."

ज्योतीबाई कणीक मळत राहिल्या. लेक थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. तो थेंब चुकला. कुणी चुकवला, हे ज्योतीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी पाहुणे वेळेवर आले: हितेंद्र, त्याची आई आणि मावशी. पाणी झालं, पोहे झाले. मग मावशी उठल्या. "इकडे उजेडात ये गं बाई." त्यांनी दिपमालाची हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवलं आणि डोळ्याखाली अंगठा दाबला. "हे पाणी आहे की मांस?"

भिकुआत्या लगबगीनं म्हणाल्या, "रातभर वह्या तपासत व्हती, दुसरं काय!"

दिपमाला पाहुण्यांकडे बघतच नव्हती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग आईकडे. आठला दोन मिनिटं होती. तिनं आज विचारलंसुद्धा नाही. ज्योतीबाईंच्या काळजाला ते न विचारणं लागलं.

त्या आत गेल्या. थेंबांची बाटली घेऊन बाहेर आल्या.

"ज्योती!" प्रेमराज दबक्या आवाजात ओरडला.

"बाजूला व्हा मावशी. माझ्या लेकीच्या औषधाची वेळ झाली."

सगळ्यांसमोर त्यांनी लेकीला खुर्चीत बसवलं, पापणी ओढली आणि थेंब टाकला. थेंब बरोबर पडला.

"हे काय? काय आजार आहे मुलीला?" हितेंद्रची आई उभी राहिली.

"तिला आजार नव्हता. तुमच्यासारख्यांनी बघावं म्हणून मी तो लावला, माझ्या ह्या हातानं. डाव्या डोळ्याची अर्धी नजर गेली तिची. आता अंगठा दाबून बघणं बंद. माणूस म्हणून दोन शब्द बोलायचे असतील तर बसा, नाही तर रामराम."

हितेंद्र चुळबुळला, काहीतरी बोलू पाहत होता. मावशींनी डोळे वटारले तसा मुकाट उठला. पोरगा वाईट नसेल कदाचित. पण वेळेला ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याचा उपयोग काय?

गाडी गेली. भिकुआत्यांनी कपाळ बडवून घेतलं. "आते कोन करी तिले? पोरनं वाटोळं करं तू!"

"वाटोळं आठ महिनापाईन चालू व्हतं अक्का. आपन सगळासनी करं. आज मी ते थांबाडं." प्रेमराज ओट्यावर जाऊन बसला. त्याचे डोळे भरले होते.

ज्योतीबाई लेकीसमोर बसल्या. "माफ कर म्हणू का गं तुले?"

"नको," दिपमाला म्हणाली. "अजून नाही होत माझ्यानं."

ज्योतीबाईंनी मान हलवली. मग त्यांनी चपला घातल्या. गल्लीतल्या त्या चार घरी जायचं होतं. चारी घरी लग्नाच्या मुली होत्या, आणि ट्यूबचं नाव त्यांनीच सांगितलं होतं. काय तोंडानं सांगावं, ते मात्र सुचत नव्हतं.

दिपमाला उठली. डावा हात चौकटीवर टेकवत, अंदाज घेत बाहेर आली.

"मी पण येते," ती म्हणाली. "तुझं ऐकणार नाहीत त्या. माझा डोळा बघू दे त्यांना."