येरकोची आखडलेली मान

येरकोने एकोणीस वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत काढली आणि एकदाही मैदानाची मधली रेघ ओलांडली नाही. याचा त्याला कोण अभिमान! प्रशिक्षक झाल्यावरही तेच. पोरगा जरा पुढे सरकला की हा बाहेरून बोंबललाच, "मागे ये, गाढवा!" परिणामी सलग सात सामने शून्य-शून्य. धक्क्यावर कॉफी पीत बसणाऱ्या मंडळींचे जांभया देऊन देऊन जबडे दुखायला लागले.

अखेर क्लबचा अध्यक्ष बेपो खाटीक म्हणाला, "येरको, रविवारी जिंकलास तर राहा. नाहीतर घरी बसून ऑलिव्ह खुड."

फुटबॉल सोडून येरकोला दुसरं येत होतं काय? डोंबल!

मग त्याला दुर्बुद्धी सुचली. आरपार वाऱ्यात बसलं की मान आखडते, हे त्या किनाऱ्यावर तान्ह्या पोरालाही ठाऊक. रविवारी तो पाहुण्या संघाच्या खोलीत शिरला आणि समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. वाऱ्याने त्या धाडकन मिटत, म्हणून घामाघूम होऊन अर्धा तास दोरीने बांधत बसला. पाहुण्यांनी आल्या आल्या "अरे देवा, वारा!" करत खिडक्या लावून घेतल्या. आखडली ती येरकोची मान. उजवीकडे वळली ती वळलीच. खांद्यासकट वळायला जावं तर डोळ्यांपुढे काजवे.

पूर्वार्ध कसाबसा गेला. उत्तरार्धात बाजू बदलून आपला गोलपोस्ट उजव्या हाताला आला आणि त्याला फक्त आपलीच अर्धी बाजू दिसायला लागली. रेघेपलीकडे गेलेला माणूस गडपच!

ऐंशीव्या मिनिटाला त्याचा लाडका बचावपटू लोव्रे चेंडू घेऊन सुसाट निघाला. येरकोने ओरडायला तोंड उघडलं, तोवर पोरगा दिसेनासा झालेला. आता ओरडायचं कुणावर? तेवढ्यात डावीकडून गदारोळ उठला.

"काय झालं? अरे, सांगा ना मेल्यांनो!"

"गोल! लोव्रेने मारला! राहिलास तू, येरको, राहिलास!" बेपोने रडत रडत त्याला मिठी मारली.

"आई गं! मान सोड, खाटका!"

सामना एक-शून्य सुटला. लोव्रे खाली बघत समोर आला. "चुकलं, काका. तुमची हाक आली नाही, म्हणून गेलो पुढे."

येरकोचे डोळे भरून आले. त्याने पोराला जवळ ओढलं, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "खरं सांग लेका, तिकडे कसं असतं रे?"