शब्दांच्या बदल्यात सुटका

ब्यूनस आयर्सच्या तुरुंगात पाकीटमाराला कुणी विचारत नाही, पण मला विचारायचे. बंदरावरच्या जुन्या टोळ्यांची चोरबोली जाणणारा मी शेवटचा म्हातारा. बाकीचे एकतर मेले, नाहीतर सज्जन झाले.

तुरुंगाधिकारी ओर्तिगोसा साहेबांना त्या बोलीचा कोश काढायचा होता. सगळे शब्द लिहून झाले की ते माझ्या लवकर सुटकेच्या अर्जावर शिफारस लिहिणार, असा करार होता. माझी मुलगी देल्फिना ईस्टरनंतर नवऱ्याबरोबर कायमची इटलीला चालली होती. जहाज सुटायच्या आत मला बाहेर पडायचं होतं. या वयात परत भेट कुठली?

रोज सकाळी त्यांच्या कचेरीत बसायचं. माते नावाच्या पाल्याचा कडू काढा ते नळीनं ओढत, मग पेला माझ्याकडे सरकवत.

“ओतारियो म्हणजे?”

“भोळा सांब. खिसा रिकामा केला तरी ज्याला पत्ता नाही.”

“शब्द आला कुठून?”

“किनाऱ्यावर समुद्रसिंह ऊन खात पसरतात ना साहेब, त्यांचं नाव ते. माणूस जवळ गेला तरी हलत नाहीत.”

“आणि पुंगा?”

“पुंगा म्हणजे मी. आमचे आजे इटलीहून बोटीनं आले तेव्हा पुंगा म्हणजे खिसा. इथे येऊन तो खिसा मारणारा झाला.”

साहेब खूश व्हायचे. पण त्यांचा एक मेला नियम माझ्या मुळावर आला. दुसऱ्या कुणा कैद्याच्या तोंडून पहारेकऱ्यानं ऐकल्याशिवाय शब्द पक्का धरायचा नाही. आता पन्नास वर्षांपूर्वीचे शब्द हल्लीची पोरं कशाला बोलतील? माझे खरे शब्द एकामागून एक बाद व्हायला लागले. कोश ‘म’वर अडकला आणि मी कोठडीत.

कोठडीतला सोबती बेपो म्हणाला, “म्हाताऱ्या, त्यांना आवडेल असं काहीतरी दे. तुझी बोली म्हणजे शिळी भाकरी.”

मग मी एक शब्द रचला. फिरुलाचे. परक्याच्या मयताला जाऊन गळे काढायचे, घरच्यांना मिठ्या मारायच्या आणि त्यांचे खिसे साफ करायचे, तो फिरुलाचे. साहेबांना सांगितलं, आमच्या आजीच्या गावी कांद्याच्या सालीला फिरुलाचे म्हणतात. बेपोनं तो आवारात सोडला. पोरांनी असा उचलला की विचारू नका! आठवड्यात पहारेकऱ्यांनी तो नऊ जणांकडून ऐकला. मला वाटलं, सुटलो. आणखी वीस शब्द रचले. सगळे पक्के झाले.

पण पोरं थांबेनात. फिरुलाचेवरून त्यांनी नवे शब्द काढले, त्यांवरून आणखी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय जिवंत बोली आहे! दुसरा खंड काढावा लागणार.”

“आणि शिफारस?”

“काम संपल्यावर.”

मी हात जोडले. “साहेब, ते सगळं मी रचलंय. शपथेवर सांगतो.”

साहेब हसले. “रचलेला शब्द तीन आठवड्यांत चाळीस तोंडांत जातो होय? सुटायची घाई झालीय तुम्हाला, कळतं मला.”

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात देल्फिना शेवटची भेटायला आली. मधे जाळी. मला रडू आवरेना.

“पुरे आता बाबा. फिरुलाचे कुठले.”

मी जाळीशी सरकलो. “हा शब्द तुला कुणी सांगितला?”

“सांगायचं काय त्यात? अख्खी गल्ली बोलते. ट्रामचा कंडक्टरसुद्धा.”

“अगं, तो मी केलाय. इथे, आत बसून.”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच मान खाली घातली. “बाबा, तुम्हाला सगळंच आपलं वाटतं. लोकांची पाकिटंसुद्धा वाटायची.” घंटा झाली. जाळीला बोटं टेकवून ती गेली.

जहाज पुढच्या गुरुवारी सुटलं. शुक्रवारी मला कचेरीत बोलावलं. साहेबांचा चेहरा नुसता फुलला होता.

“ऐकलंत? फिरुलाचे शहरभर झालाय! आता तुम्हाला सोडलं तर लोक मला वेड्यात काढतील.” त्यांनी टाक शाईत बुडवला आणि मातेचा पेला माझ्याकडे सरकवला. “हं, पुढचा शब्द?”

मी पेला घेतला आणि सांगायला लागलो.