बिबट्यांचा एक गुण

गुणतक्त्यात आमच्या नावापुढे भोपळा होता, आणि शेवटचा सामना उद्यावर आला होता.

आमचा संघ म्हणजे नगरचे बिबटे. पगारी खेळाडूंची राज्यभराची कबड्डी लीग निघाली, तेव्हा आमच्या मालकांनी मोठ्या हौसेनं हा संघ उतरवला. जर्सीवर दात विचकलेला बिबट्या. सुरुवातीला लोक खेळाडूंबरोबर फोटो काढायला यायचे. मग आम्ही हरू लागलो, ते हरतच गेलो, आणि लोक म्हणू लागले, वनखात्याला कळवा रे, बिबटे उपाशी मरायला लागलेत.

मी या संघाचा प्रशिक्षक. नेवाशाच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली. निवृत्तीनंतर हे काम गळ्यात पडलं, किंवा प्रभूनं घातलं म्हणू. मुलं मला एडविन सर म्हणतात. हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला लोक आणखी काय काय म्हणतात, ते सांगण्यासारखं नाही.

आमच्या लीगमध्ये एक दयाळू नियम आहे. सात किंवा त्याहून कमी फरकानं हरलात, तर हरणाऱ्यालाही तक्त्यात एक गुण मिळतो. सगळ्या हंगामात आम्हाला तो एकदाही मिळाला नव्हता. आम्ही हरायचो तेही मोकळ्या हातानं. आणि परवाच मालकांचा फोन आला होता. फार गोड बोलले. पुढच्या वर्षी संघ नाही.

हे मी मुलांना त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. नेवाशाबाहेरच्या जुन्या वसतिगृहात आम्ही राहायचो. कापूर घातलेल्या तेलाचा वास त्या खोल्यांच्या भिंतींत मुरला होता. कुणी खांदा चोळत होतं, कुणी छताकडे बघत पडलं होतं. फक्त भागवत उठून माझ्यामागे व्हरांड्यात आला.

भागवत आमचा कप्तान. मिरजगावचा. उजव्या मध्याला उभा राहणारा पकडीचा खेळाडू. पस्तिशी ओलांडलेली, गुडघ्याला कायमची पट्टी. याला आता कुठला संघ घेणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"सर, जिकू म्हनत न्हाई मी," तो म्हणाला. "सातच्या फरकात हरू. तेवढं जमंल."

"एका गुणानं काय होणार आहे, भागवत?"

"आमच्या घराला गावात भोपळ्याचा वेल म्हनत्यात. चहाच्या टपरीवर गेलो की इचारत्यात, औंदा भोपळं कसं काय पिकलं?" तो हसला नाही. "एक आकडा पडू द्या नावापुढं. मग खुशाल बंद करा."

संध्याकाळी सराव घ्यायचा होता, पण मुलांची दुखरी अंगं बघवत नव्हती. मी म्हटलं, आज सराव नाही, आज आमच्या ख्रिस्ती देवळात शांतवन बुवांचं कीर्तन आहे, सगळ्यांनी यायचं.

"सर, कीर्तनानं पकड सुधरंल का?" शाहबाजनं विचारलं. हा आमचा चढाईपटू, सोनईचा. अंगापेक्षा जीभ चपळ.

"नाही. पण भिंतीला टेकून बसायला मिळेल."

"मग चला. ए वाल्मिक, ऊठ, सर टेकायला नेतायत."

मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. आमच्या देवळातलं असो की गावच्या सप्ताहातलं, एकदा मांडी घातली की शेवट झाल्याशिवाय उठायचं नाही. वडिलांनी लावलेली सवय. आमच्याकडच्या ख्रिस्ती मंडळीत पूर्वी कीर्तन करणारे बरेच होते. आता मोजके. शांतवन बुवा सत्तरीपुढचे आहेत. डोक्याला पागोटं, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या, आणि आवाज खरवडलेला, तरी त्यात अजून काहीतरी असं आहे की माझे डोळे भरतात.

"सलाम बुवा," मी म्हटलं. "माझी मुलं आणलीत."

"सलाम, सलाम. हेच का बिबटे?" बुवांनी सगळ्यांकडे प्रेमानं पाहिलं. "बसा बाळांनो. फार दमलेले दिसता."

श्रोते थोडे होते. त्यातही आमचीच संख्या जास्त. बुवांनी आख्यान लावलं ते कोळ्यांचं. रात्रभर तळ्यात जाळं टाकलं, पहाटेपर्यंत एक मासा लागला नाही, आणि येशू म्हणतो, पुन्हा टाका. मला वाटलं, मुद्दाम आमच्यासाठीच निवडलं. चिपळ्या वाजू लागल्या आणि बुवांनी स्वतः रचलेलं पद उचललं:

"रात्र सरली, जाळे रिते,
हात अजुनी ओले,
तुझ्या शब्दावर देवा मी
वल्हे पुन्हा उचलले."

भागवतनं भिंतीला डोकं टेकलं होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो झोपला. घोरलाही थोडा. माझी बायको फिलोमिना पलीकडे बायकांत बसली होती, तिनं डोळ्यांनीच मला दटावलं, उठवू नका.

तिसऱ्या कडव्याला बुवांची एक ओळ चुकली. चौथ्यातली ओळ तिसऱ्यात आली. पेटीवाल्यानं पटकन सूर भरून ती झाकली, आणि खरं सांगतो, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मला ते पद पाठ आहे म्हणून कळलं. पण बुवांनी चिपळ्या थांबवल्या. पेटी थांबवली. हात जोडले.

"ओळ चुकली मंडळी. क्षमा असावी. पुन्हा घेतो."

आणि कडवं पहिल्यापासून घेतलं.

शाहबाज माझ्या कानाशी आला. "काय झालं सर? संपलं का?"

"नाही. ओळ चुकली त्यांची."

"कुनाला कळलं हुतं?"

"कुणालाच नाही."

"मग?" असं म्हणून त्यानं खांदे उडवले आणि पुन्हा भिंतीला टेकला. भागवत झोपलेलाच होता. शेवटच्या प्रार्थनेला मी त्याला हलवलं, तर दचकून म्हणाला, "पकड झाली का?"

दुसऱ्या दिवशी रविवारची उपासना आटोपून आम्ही नगरला पोचलो. बुवा आणि फिलोमिनाही आमच्याच बसमध्ये आले. बुवा म्हणाले, पोरांनी माझं ऐकलं, मी त्यांचं बघतो. क्रीडा संकुलात माणसं अगदी विरळ. साताऱ्याकडचा संघ समोर होता, तरुण, ताजातवाना, बाद फेरी आधीच गाठलेला. त्यांची मुलं उड्या मारत मॅटवर आली. आमची आली तशी आली.

पूर्वार्धात आम्ही नऊ गुणांनी मागे पडलो. मध्यंतरात बघणारे उठून जाऊ लागले. गाड्या सुरू झाल्याचे आवाज आत ऐकू येत होते. हे मला दर सामन्याला लागायचं. हरणं सोसतं, पण पाठ फिरवून जाणारी माणसं बघवत नाहीत. मी वर पाहिलं. बुवा मांडी घालून बसले होते. शेजारचा एक जण त्यांना म्हणत होता, "चला बाबा, काय राह्यलंय आता?" बुवा म्हणाले, "खेळ मला कळत नाही. पण मधेच उठायचं नाही, एवढं कळतं."

"ऐका," मी मुलांना म्हटलं. "जिंकायचं नाही आपल्याला. दोन गुण भरून काढायचे आणि तिथंच राहायचं. सातच्या फरकात."

"सर, लई मोठं स्वप्न बघायला लागलाय तुमी," शाहबाज म्हणाला. पण त्यानं बुटाची नाडी आवळून बांधली.

उत्तरार्धात तो खेळला. इतकी थकलेली चढाई मी कुणाची पाहिली नाही, आणि इतकी शहाणीही. उगाच धावला नाही. वाकून, रेंगाळत, पायाच्या टोकानं बोनसची रेषा चाटून परत यायचा. वाल्मिकनं कोपऱ्यात एक पाय धरला तो सोडलाच नाही. भागवत प्रत्येक पकडीनंतर गुडघा धरून उठायचा आणि ओरडायचा, "किती? किती झालं?" वाल्मिक फलकाकडे बघून सांगायचा. नऊ. आठ. पुन्हा नऊ. आठ.

शेवटच्या मिनिटाला शाहबाज एक गडी मारून आला आणि फलकावर आकडे आले: चौतीस, सत्तावीस. फरक सात.

आता एकच चढाई उरली होती, आणि ती त्यांची. त्यांनाही घाई नव्हती, सामना त्यांचाच होता. त्यांचा पोरसवदा चढाईपटू आला, मध्यरेषेजवळच इकडे तिकडे पावलं टाकत राहिला. मी ओरडलो, "कुणी हात घालू नका. उभे राहा फक्त." आमची मुलं मागे सरकून उभी राहिली. शेवटी तो पोरगा भागवतच्या अगदी जवळ येऊन वळला आणि जाता जाता त्यानं सहज, दिमाखासाठी, मागे एक लाथ फेकली. भागवतनं पोट आत ओढलं. पोरगा रेषेपलीकडे गेला आणि भोंगा वाजला.

फरक सात. शाहबाजनं दोन्ही मुठी वर केल्या. बाकावर फेकलेला टॉवेल कुणीतरी हवेत उडवला.

आणि भागवतनं हात वर केला.

एकच हात, कोपरात वाकवलेला. जुन्या मातीच्या मैदानावर बाद झालेला गडी करतो तसा. आमच्या लहानपणी पंच नावापुरता असायचा. लागलं की गडी आपणच हात वर करून बाहेर जायचा. मॅटवर आता असं कुणी करत नाही. भागवतनं हात वर केला आणि लंगडत बाद गड्यांच्या बाकावर जाऊन बसला.

पंच गोंधळले. त्यांनी रेषेवरच्या दोन्ही सहपंचांकडे पाहिलं. दोघांनी मान हलवली, आम्हाला दिसलं नाही. पण गडी स्वतःच बाहेर बसलेला. पंचांनी साताऱ्याच्या बाजूला एक बोट दाखवलं. पस्तीस, सत्तावीस. फरक आठ.

मग पंचांनी माझ्याकडे पाहिलं. आमचा एक रिव्ह्यू शिल्लक होता. त्या चढाईसाठी मी तो मागू शकत होतो. आमच्या लीगला कॅमेरे दोनच, आणि भागवतच्या एका अंगाला वाल्मिक होता, दुसऱ्या अंगाला तो पोरगा. कॅमेऱ्यात काही दिसणार नव्हतं. दिसलं नाही की गुण रद्द, पुन्हा फरक सात, आणि नगरच्या बिबट्यांच्या नावापुढे एक आकडा. शाहबाज मॅटवरून मला दोन्ही हातांनी खूण करत होता. "सर, रिव्ह्यू. सर."

आदल्या संध्याकाळी मी देवळात बसलो होतो, सगळं ऐकलं होतं, डोळे पुसले होते. आणि तरी माझे दोन्ही हात खूण करायला छातीपर्यंत वर आले. ते आले हे मला नंतर कळलं.

भागवत माझ्याकडे बघत नव्हता. बाकावर बसून गुडघा चोळत होता, जणू सामना अजून चालू आहे आणि कुणीतरी गुण मिळवला की त्याला परत आत बोलावतील.

माझे हात हवेतच होते. ते कुठंतरी न्यायला हवेत म्हणून मी टाळी वाजवली. रिकाम्या संकुलात ती फारच मोठी वाजली. बुवांना वाटलं, संपला खेळ. त्यांनीही वरून टाळ्या धरल्या, अगदी तालात. पंचांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि सामना संपल्याची शिट्टी दिली.

शाहबाजनं गुडघ्याचं कातडी पॅड काढून आपटलं. "दादा, कुनी बघितलं हुतं?"

"मी हुतो की तिथं," भागवत म्हणाला.

"पंचाला दिसलं न्हाई, त्यांच्या पोराला कळलं न्हाई..."

तो पोरगाच मग जवळ आला. अवघडून म्हणाला, "काका, खरंच लागलं होतं का? मला कळलं पण नाही."

"जर्सीला लागलं. काका नको म्हनू." भागवतनं पोटावर हात ठेवला. "हे पयल्यासारखं आत जात न्हाई आता. तुझी चूक न्हाई."

परतीच्या बसमध्ये दिवे लावले नाहीत. अजून संधिप्रकाश होता, बाहेर उसाचे फड काळपट दिसत होते. फिलोमिनानं शेंगदाण्याचे लाडू फिरवले. खाणारे खाऊन लगेच पेंगले. बुवा पुढच्या सीटवर ओठांतल्या ओठांत पद म्हणत होते. शाहबाज सगळ्यांत मागे एकटा जाऊन बसला होता.

भागवत माझ्या शेजारी आला. गुडघ्याची पट्टी सैल केली. मग म्हणाला, "सर, रिव्ह्यू शिल्लक हुता आपला."

"होता."

"मी वाट बगत हुतो. घेताय का न्हाई ते."

"घेतला असता तर?"

"तर गुन घेतला असता की. मला काय नको हुता व्हय?"

मी त्याच्याकडे वळलो. "अरे, मग एकदा माझ्याकडे बघायचं तरी."

"मी माझा हात वर केला," तो म्हणाला. "तुमचं तुमी बगायचं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मनातल्या मनात देवाचे आभार मानले. कशाबद्दल, ते नीट सांगता आलं नसतं. गुण तर गेलाच होता.

घोडेगाव मागे पडलं तेव्हा शाहबाज सीटच्या पाठी धरत धरत पुढे आला. भागवतच्या पलीकडे जागा होती. "सरका दादा." आणि बसल्यावर म्हणाला, "उद्या मिरजगावला गेल्यावर टपरीवर सांगा, वेलाला शेवटचा भोपळा लागला. आता वेल उपटला म्हनावं."

सगळ्या हंगामात पहिल्यांदा मी भागवतला हसताना पाहिलं. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसताच त्याचे डोळे मिटले आणि डोकं कलून शाहबाजच्या खांद्यावर गेलं. शाहबाजचा तोच खांदा सबंध हंगाम दुखत होता, तेल मीच लावायचो.

"झोपला का?" मी विचारलं.

"झोपला," शाहबाज कुजबुजला. "घोरतोय बी."

नेवासा येईपर्यंत त्यानं तो खांदा हलवला नाही.