थालीपिठावर अडलेलं क्रूसेड

आमचे जावईबापू शैलेंद्र यांनी गेल्या ऑक्टोबरात जेरुसलेम जिंकायचं ठरवलं. जेरुसलेम म्हणजे इथे सिडनीत, पॅरामॅटाच्या पुढे एका मैदानात उभा केलेला प्लायवुडचा किल्ला. दर वर्षी तिथे हौशी मंडळी चिलखतं घालून नऊशे वर्षांपूर्वीचं क्रूसेड, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या सरदारांनी केलेलं धर्मयुद्ध, खेळतात आणि खेळता खेळता इतिहास बदलतात. बायकोने सांगितलेले घरातले दिवे मात्र यांच्याने बदलून होत नाहीत.

या वेळची कल्पना अशी, की ते क्रूसेड पहिल्याच ओढ्यापाशी फसलं असतं तर? शैलेंद्र सेनापती. त्याने ओढ्यापर्यंत जायचं, मार खायचा, परत फिरायचं.

"मी फेल होणार नाही, बाबा," गाडीत तो मला म्हणाला. "थेट किल्ल्यात घुसणार. व्हिक्टरी स्पीच पाठ केलंय."

त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये हा तोंड उघडतो आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, "मेट, यू आर ऑन म्यूट." एकदा तरी लोकांनी आपलं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच याची हाव. हाव तरी जरा मोठी धरावी माणसाने!

मी किल्ल्याचा द्वारपाल. खुर्ची मिळणार होती म्हणून हो म्हटलं.

सैन्य चढाईला निघायच्या आधी माझी बायको विमल मध्ये पडली. "उपाशीपोटी कसली लढाई? दोन घास खाऊन जा सगळे." मैदानातली बार्बेक्यूची शेगडी बंद होती. तिने शैलेंद्रची ढाल उचलून कारपार्कमध्ये उन्हात ठेवली. सिडनीचं ऊन ते, चहा संपायच्या आत तवा तयार! लोणी सोडून तिने घरून मळून आणलेल्या पिठाचं थालीपीठ थापलं.

"आई, ती ढाल आहे!"

"मग? तवा आणलाय का कुणी?"

ढालीवर सिंह कोरलेला होता, तो प्रत्येक थालीपिठावर उमटला. सेनापतीचा सिंह तो, मांजरच दिसत होता. वासाने सगळं सैन्य गोळा झालं, बाकीच्या ढालीही तापत पडल्या. एक धिप्पाड गोरा सरदार "वन मोर, आंटी" म्हणत चिलखताचे पट्टे सोडून बसला. मग सगळ्यांनीच सोडले.

शिंग वाजलं तेव्हा एकाच्याही पोटावर पट्टा बसेना. ढाली लोण्याने हातातून निसटू लागल्या. क्रूसेड कारपार्कमध्येच आडवं झालं आणि घोरू लागलं. खऱ्या सरदारांना तेव्हा वाटेत एखादी विमल भेटली असती, तर जगाची केवढी कटकट वाचली असती!

शैलेंद्र रागाने जेवलाच नव्हता. तो एकटा निघाला. ओढ्यापाशी त्याला मार द्यायला ठेवलेले लोकही थालीपीठ खायला गेले होते. तो किल्ल्याशी आला, मी बसल्या बसल्या दार ढकललं, जेरुसलेम पडलं. एवढ्यात मिताली, म्हणजे त्याची बायको, नवऱ्याची कीव येऊन प्रेक्षकांना हाकत घेऊन आली. सगळे हातात ताटल्या घेऊन उभे राहिले.

तो किल्ल्यातल्या मंचावर चढला आणि शिरस्त्राणाच्या तोंडावरच्या झडपेची कडी ओढू लागला. कडी अडकली होती. थांबेल तर तो शैलेंद्र कसला? तसाच हातवारे करत सुरू झाला. आतून नुसती गुणगुण, तांब्यात भुंगा शिरल्यासारखी. टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना कळेना.

शेवटी मी उठलो. त्याच्या शिरस्त्राणावर टकटक केलं.

"जावईबापू, तुम्ही म्यूटवर आहात."

आतून जे उत्तर आलं, ते मात्र कारपार्कपर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.