जोडटाकी

डुब्.

दुपारच्या शांततेत मागच्या पडवीतून आवाज आला आणि भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबली. पत्र्यावर कुणी बोटाचं पेर आपटावं, तसला पोकळ आवाज.

तो असाच वाजवायचा. लांबच्या फेरीहून परतला की गाडीवरून उतरायच्या आधी टाकीवर एक टिचकी. म्हणजे आत कळायचं, आले एकदाचे महाराज. त्याला जाऊन वर्ष होऊन गेलं, तरी ऊन पडवीत शिरलं की कापडाखाली झाकलेली त्याची मोटारसायकल अजून वाजायची. हे सांगणार कुणाला? लेक ठकी अजून एवढीशी. सासूबाईंना सांगावं तर त्या रडत बसणार. बहिणीला सांगावं तर ती म्हणणार, चल, डॉक्टरला दाखवू.

खरं तर तिला भीती वाटतच नव्हती. राग यायचा. वाजवतोस कशाला आता? वाजवायचं होतं तर यायचं होतंस.

मागच्या सीटवर ती जोडटाकी त्याने हौसेने बसवून घेतली होती. वाटेत पंप नसले तरी काळजी नको. गाडीची टाकी संपत आली की जोडटाकीच्या बुडाशी असलेला पितळी कॉक उघडायचा, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. पहिल्याच फेरीत एका चढावर गाडी मध्येच बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला वेळच मिळाला नाही. गाडी कडेच्या गवतात फेकली गेली, तो ट्रकखाली. गाडीची टाकी कोरडी ठणठणीत, आणि जोडटाकी काठोकाठ भरलेली.

“कॉक उघडायला विसरला,” सगळे हळहळले. कुणाला नवल वाटलं नाही. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तो. दूध आणायला गेला आणि गाडीची चेन घेऊन आला, असा त्याचा लौकिक.

पण निघताना दारात तिने बजावलं होतं, “कॉक विसरू नकोस हं.”

“विसरेन कसा? तू आहेसच की डोक्यात बसून ओरडायला.”

एवढं सांगूनही विसरला. म्हणजे त्या चढावर त्याच्या डोक्यात ती नव्हतीच. हे एक कुसळ वर्षभर तिच्या काळजात रुतून होतं, आणि ते उपटायला कुणी नव्हतं.

आज मिस्त्री यायचा होता. गाडी चुलतदीर नेणार होता, पण जोडटाकी त्याला नको होती. ती ज्याने बनवली त्यानेच सोडवावी, असं ठरलं. अपघातानंतर तोच मिस्त्री गाडी टेम्पोत घालून घेऊन आला होता, आणि त्यानंतर या घराकडे फिरकलाही नव्हता.

“वहिनी, पाणी नको, काही नको,” दारातच म्हणाला. “पटकन काढतो नि निघतो.”

कापड सरकवून तो पाना फिरवू लागला. ती उंबऱ्यात उभी राहिली.

“मेहनत घेऊन बनवलीत तुम्ही,” ती म्हणाली. “पण आमच्या माणसाला साधा एक कॉक फिरवायचं भान नाही राहिलं. काय बोलायचं?”

पाना थांबला. मिस्त्रीने मान वर केली नाही.

“वहिनी, भाऊ नाही विसरले.”

“म्हणजे?”

“कॉक उघडा होता. पूर्ण उघडा. टेम्पोत चढवताना मी माझ्या हाताने बंद केला.”

तिने दाराची चौकट धरली. “आणि हे आज सांगताय?”

“तोंड उघडलं असतं तर तुम्ही विचारलंच असतं, मग पेट्रोल का उतरलं नाही? काम माझं. काय सांगणार होतो? झोप नाही हो मला.”

तिला त्याच्यावर चिडायचं होतं, पण आतून काहीतरी भरभरून वर येत होतं. विसरला नव्हता. त्या चढावर, गाडी आचके द्यायला लागल्यावर, त्याचा हात खाली गेला होता. तिचं ओरडणं त्याला ऐकू आलं होतं. पदर तोंडाशी धरून ती चक्क हसली. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला.

त्याने टाकी सोडवून गोणपाटावर ठेवली आणि किल्लीने झाकण उघडलं.

फुस्स.

मिस्त्रीचा चेहरा पालटला. “असं व्हायला नको. हवा कोंडली कशी?” झाकणाशेजारच्या बारीक नळीवर त्याने बोट ठेवलं. “इथून हवा आत जाते, वहिनी. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकच पाडलं तर तेल थोडं येतं नि अडकतं. तसंच हे. आणि कोंडली म्हणून उन्हात पत्रा फुगतो, वाजतो.”

त्याने तार घालून टोकरलं. नळीतून एक राखाडी, दगडासारखं बूच बाहेर पडलं. मिस्त्रीने ते तळहातावर घेतलं आणि वर्षभराचा श्वास सोडला.

“माझी चूक नव्हती,” तो पुटपुटला. “कुणीतरी बुजवलंय हे. पण कुणी...”

तिने बूच हातात घेतलं. वाळलेली कणीक. पोळ्या लाटताना मध्ये लुडबुड नको म्हणून ती रोज एक गोळा काढून देते, ती कणीक. वरच्या टोकाला एका नखाची खूण होती. तांदळाच्या दाण्याएवढं नख.

“ते माझं आहे!”

झोपेतून उठून ठकी उंबऱ्यात आली होती, एक डोळा चोळत, फ्रॉक वर गोळा झालेला. धावत येऊन ती आईच्या हातावर वाकली.

“मीच लावलेलं. बाबा टाकी पुसत होता ना, तेव्हा. छोटं भोक राहिलं होतं, बाबाला दिसलंच नव्हतं. सगळं पेट्रोल सांडलं असतं की नाही?”

मिस्त्रीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“मिस्त्री,” ती म्हणाली. एवढंच.

त्याने मान खाली घातली आणि एकेक पाना पिशवीत ठेवायला सुरुवात केली. ती खाली बसली. ठकी तिच्या मांडीवर येऊन बसली. पेट्रोलच्या वासाने तिने नाक मुरडलं, मग वाकून टाकीच्या तोंडातून आत डोकावली. आत काठाशी पेट्रोल हलत होतं.

“बघ, एवढं राहिलं,” ती खूश होऊन म्हणाली, आणि आईची हनुवटी धरून तिने तोंड आपल्याकडे वळवलं. “म्हणजे पुरलं ना गं आई बाबाला?”