अक्रोडी अंगावर काळा साज

बोलतेय ती मी, थोराच्या घरातली कडीची बंदूक. दचकू नका, पोट रिकामं आहे माझं. मन मात्र असं भरून आलंय की बोलल्यावाचून राहवत नाही.

जन्म माझा दूर पूर्वेकडच्या कारखान्यात, पण शहाणी झाले ती वायोमिंगच्या डोंगरात. निळसर पोलादाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि चापाभोवती लोखंडी कडी. कडी खाली ओढायची, वर घ्यायची. रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. एवढीच माझी विद्या.

अ‍ॅन्सेलनं मला आणलं ते नव्या नवरीसाठी. थोरा डावखुरी. बाकीच्या बंदुकांची काडतूस भरायची खिटी उजव्या अंगाला, डावखुऱ्या बाईनं हात घालावा कुठून? माझी कडी मधोमध, खाली.

"हिला डावं-उजवं काही कळत नाही बघ," अ‍ॅन्सेल म्हणाला.

"म्हणजे तुझ्यासारखीच. नाचायला उभा राहिलास की तुलाही कळत नाही!" थोरानं लगेच परतवलं.

त्या घरात मला मान होता. शरद आला की खोगिराच्या कडेला, कातड्याच्या म्यानात बसून मी डोंगर चढायचे. एल्कचं, म्हणजे तिथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाचं, मांस हिवाळाभर पुरायचं. नेम धरताना थोरा दस्त्याच्या उजव्या बाजूला गाल टेकायची. टेकून टेकून तिथं लाकूड कसं गुळगुळीत झालं होतं, बाळाच्या टाळूसारखं!

अ‍ॅन्सेल गेला आणि थोराची नजरही मंदावली. नेमासाठी नळीच्या टोकावरची माशी पाहावी तर जनावर धूसर, जनावर पाहावं तर माशी गायब. मागच्या हंगामात गोळी भलतीकडे लागली. एल्कची मादी जखमी होऊन देवदारांत शिरली. थोरा रक्ताचे थेंब बघत बघत अंधार पडेपर्यंत फिरली, सापडली नाही. घरी आली ती रडत बसली, जेवलीच नाही. जखमी जनावर मागं सोडणं यासारखी नाचक्की त्या डोंगरात दुसरी नाही.

मार्लिस, तिची लेक, म्हणाली, "आई, पुरे आता. बंदूक डेरिलला देऊन टाक."

"यंदा एकदा जाईन. एका गोळीत जनावर पडलं तर बंदूक माझी. नाही पडलं तर तुझ्या नवऱ्याची," थोरा म्हणाली.

डेरिल म्हणजे जावई. घरोघर गॅस पोचवतो. माणूस मनाचा चांगला, पण हात स्वस्थ बसत नाहीत. "साफ करून आणतो" म्हणून मला घेऊन गेला, आणि बाई, मग जे झालं ते आठवलं की अजून माझी कडी थरथरते.

त्यानं माझा दस्ताच काढला! अक्रोड उतरवून काळं प्लास्टिक चढवलं. नळीभोवती खाचाखाचांची पट्टी ठोकली, तिला दिवा अडकवला. कडीला काळी दोरी गुंडाळली. दस्त्याच्या कुशीला काडतुसांचा पट्टा बांधला आणि डोक्यावर नेम धरायचा एक काचेचा डबा बसवला, आत लाल ठिपका. गाडीच्या काचेत मी मला पाहिलं. ही कोण? लढाईला निघालेली ही कोण काळी भवानी? नातवंडांच्या देखत म्हातारीला चामड्याची विजार घालून उभं करावं, तशी मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

डेरिलनं मोठ्या कौतुकानं मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. थोराच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

"डेरिल, कुणावर चाल करून जायचंय आपल्याला?"

"अहो आई, आता सगळे असंच करतात. लाकूड ओलाव्यानं फुगतं, याला काही होत नाही. अंधारात दिसावं म्हणून दिवा दिलाय."

"दिवा लावून शिकार केली तर वनरक्षक मला आत टाकेल. तुरुंगात डबा तू आणणार का?"

मार्लिस फिसकन हसली. थोरानं मला उचललं, डाव्या खांद्याला लावलं, गाल टेकला आणि "आई गं!" म्हणून झटकन बाजूला झाली. पितळी काडतुसं थेट गालाच्या हाडाला टोचली होती.

"अरे, इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोस. चमचा कुठल्या हातात असतो माझ्या?"

डेरिलचा चेहरा पडला. त्यानं पट्टा बांधला होता तो उजव्या हाताच्या माणसाचा हिशेब धरून. माझ्या अंगावर इतकं काय काय चढवलं, पण मी कुणाच्या खांद्याला टेकते हे त्यानं पाहिलंच नव्हतं. उठला, गाडीतून माझं अक्रोड आणलं आणि तिथंच पेचकस घेऊन बसला. प्लास्टिक गेलं, पट्टे गेले, दोरी गेली. माझ्या जिवात जीव आला.

शेवटी त्यानं लाल ठिपक्याच्या डब्याला हात घातला. थोरा म्हणाली, "थांब. बघू तर दे."

तिनं मला खिडकीतून कुंपणाकडे धरलं. ठिपका खांबावर आणला. मग हलकेच म्हणाली, "मार्लिस, खांबावरची गाठसुद्धा दिसतेय गं मला. ठिपका तिथंच, गाठही तिथंच."

माझ्यावर वीज कोसळली. थोरा? माझी थोरा ते भूत माझ्या डोक्यावर ठेवणार?

ठेवलं. त्यालाच घेऊन आम्ही डोंगर चढलो. सकाळच्या उन्हात नर एल्क ओढ्याकाठी उभा राहिला. थोरानं गाल टेकला, श्वास सोडला आणि एक गोळी. जनावर जागच्या जागी पडलं. थोरा त्याच्याजवळ गुडघ्यावर टेकली, मानेवर हात ठेवून रडली. मागच्या वर्षीचं रडणं वेगळं होतं.

आता मी पुन्हा माझ्या जागी आहे, अंगानं अक्रोडी आणि डोक्यावर तो काळा डबा. येणारेजाणारे बघून हसतात, थोरा खुशाल हसू देते. तुम्ही आपल्या बंदुकांना हवं ते नटवा, बाबांनो, फक्त ती कुणाच्या गालाला लागते ते आधी विचारा.

आणि थोरा, तुला एक सांगते. रोज फडकं घेऊन येतेस आणि आधी त्या काचेला पुसतेस. चालेल, दिसतं तुला तिच्यातून. पण मी थोरली आहे गं घरात. पहिला हात माझ्यावरनं फिरव.