कुणाचंच नसलेलं नाव

माझे बाबा नावांचा कोश करायचे. जगात कुठं माणसांना काय नावं देतात, ती कुठून आली, त्यांचा अर्थ काय, एवढाच त्यांचा ध्यास. आई म्हणायची, हा माणूस बाहेरच्यांची नावं गोळा करतो आणि घरच्यांना नावं ठेवतो.

जेवताना भात गार व्हायचा आणि बाबा सुरू. एका देशात बाळ ज्या वारी जन्मतं त्या वाराचंच नाव त्याला लागतं. दुसरीकडं आजोबांचं नाव नातवाला गेलंच पाहिजे, मग एका घरात त्याच नावाचे चारजण झाले तरी बेहत्तर. काही लोक तर मुलाला मुद्दाम घाणेरडं नाव देतात, म्हणजे मरण त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. माझं नाव एका दूरच्या बेटावरचं होतं. अर्थ, जिची फार वाट पाहिली ती. मी ते ऐकून मिरवायचे.

पहिलीत असताना ते नाव गेलं. मला सारखा ताप यायचा, तेव्हा बाबा म्हणाले की हे नाव हिला सोसत नाही. शाळेत दुसरं नाव लागलं, घरात मी बारकी झाले. जुनं नाव कुणी विचारलं तरी सांगायचं नाही, असं आईनं बजावलं. मला वाटायचं, माझ्यातच काही तरी कमी आहे. एवढं चांगलं नाव मिळालं आणि मला पेललं नाही.

यंदा मला मुलगी झाली. पोरगी धडधाकट, रडली की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. मला नाही सोसलं ते नाव हिला सोसेल, हिला तेच ठेवायचं, असं मनाशी ठरवलं. पण आईचा जीव, उगाच शंका नको, म्हणून बाबांना विचारायला तिला घेऊन माहेरी गेले.

बाबा कोशाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं तपासत होते. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्याशी बोबडं बोलले. मी विचारल्यावर मात्र चष्मा काढून ठेवला.

"ते नको, बारकी."

मी म्हटलं, तापाबिपाचं मी काही मानत नाही.

"तापाचा काही संबंध नव्हता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोश करणारे त्यात एखादं खोटं नाव पेरून ठेवतात. कुणी कोश चोरून छापला की ते नावही त्यात जातं आणि चोर सापडतो. माझं नाव तसंच पेरलेलं. बेट, अर्थ, सगळं बाबांनी याच खोलीत बसून रचलेलं. मी पहिलीत असताना एका प्रकाशकानं त्यांचा कोश जसाच्या तसा छापला. बाबांना कोर्टात शपथेवर सांगायचं होतं की या नावाचं माणूस जगात नाही. आणि त्यांच्याच घरात मी होते, दप्तरावर ते नाव घेऊन शाळेत जाणारी.

"मग सांगितलंत?"

"सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. तोवर तुझं नाव बदललेलं होतं."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. आई चहा घेऊन दारात उभी होती. मी बघितल्यावर तिनं मान खाली घातली. इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत राहिले आणि ही दोघं ते बघत राहिली.

"एवढं सांगा," मी म्हटलं. "नाव आधी माझ्यासाठी शोधलंत, की कोशासाठी?"

जगातलं कुठलंही नाव कुठून आलं, हे बाबा झोपेतून उठवलं तरी सांगतात. त्यांनी प्रुफं पुन्हा पुढ्यात ओढली.

"आठवत नाही गं. खरंच आठवत नाही."

त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी मला चाललं असतं. पण त्यांचं बोलणं भलतीकडंच वळलं. नव्या आवृत्तीतही ते नाव ठेवलंय, तेव्हा बाळाला तेवढं सोडून दुसरं काहीही ठेव, अशी त्यांनी विनवणी केली. मी त्यांच्या मांडीवरून मुलीला उचललं आणि चहा न घेता निघाले.

मुलीला मी अगदी साधं नाव ठेवलं. आमच्या इमारतीतच त्या नावाच्या आणखी दोघी आहेत. बाबांचा फोन आला. जगभरची नावं घरात असताना हे असलं का ठेवलंस, असं त्यांनी विचारलं.

"या नावाची मुलगी जगात नाहीच," मी म्हटलं, "असं कुणाला शपथेवर सांगता येणार नाही, बाबा."